एका बाजूने हुबेहूब

दाताच्या इम्प्लांटवरची कॅप बनते लॅबमध्ये आणि इम्प्लांट असतो माणसाच्या जबड्यात. माणूस मिरजेत, लॅब कोल्हापुरात. कॅप बनवणारा टेक्निशियन त्या पेशंटचं तोंड जन्मात बघत नाही; त्याच्यासमोर असतो प्लास्टरचा जबडा आणि मी खरडलेली चिठ्ठी. तरीही त्याने पाठवलेली कॅप पहिल्याच बैठकीत बसावी अशी माझी अपेक्षा असते, आणि पेशंटची तर असतेच असते. हे ज्या बारक्या धातूच्या तुकड्यामुळे जमतं त्याला आम्ही ॲनालॉग म्हणतो. पेशंटला तो कधी दिसत नाही. काम झालं की तो प्लास्टरच्या जबड्यासकट कपाटात जातो आणि पुढे कधीतरी कपाट आवरताना टोपलीत.

माप घेण्याची पद्धत थोडी सांगते, कारण पुढचं बोलणं तिच्यावर उभं आहे. हाडात बसवलेला इम्प्लांट साधारण तीनेक महिन्यांत हाडाशी जखडतो. मग त्याच्या तोंडावर कोपिंग नावाची धातूची दांडी स्क्रूने घट्ट करायची, ट्रेमध्ये सिलिकॉन भरून तो जबड्यावर धरायचा आणि सिलिकॉन घट्ट झालं की ट्रेच्या भोकातून स्क्रू सोडवून ट्रे ओढून काढायचा. दांडी मापात अडकूनच बाहेर येते. तोंडात जिथे इम्प्लांट आहे तिथे मापात आता नुसती पोकळी. दांडीच्या मोकळ्या टोकाला ॲनालॉग जोडला की ती जागा भरली. त्याच्याभोवती हिरडीसाठी गुलाबी मऊ रबर, आणि मग माप व्हायब्रेटरवर ठेवून एका कडेने, हवेचा बुडबुडा आत राहू न देता डाय स्टोन (कडक जातीचं प्लास्टर) ओतायचा. तासाभराने माप उचललं की दगडी जबड्यात नेमक्या त्या जागी, त्या खोलीवर, त्याच कलाने ॲनालॉग बसलेला दिसतो. इतकी वर्षं झाली तरी तो क्षण मला आवडतो.

नव्या विद्यार्थ्यांच्या हातात मी एक नमुन्याचा इम्प्लांट आणि त्याचा ॲनालॉग शेजारी शेजारी ठेवते आणि विचारते, यात सारखं काय? उत्तर बहुधा येतं, "सगळंच, मॅडम." मग भिंग द्यायचं. वरचं तोंड खरोखर सारखं असतं: आतला षटकोन, स्क्रूचे आटे, कॅपचा जोड जिथे टेकतो ती कड. तिथे मायक्रॉनचा हिशोब आहे. पण खालचं धड बघा. इम्प्लांटचं धड टायटॅनियमचं आणि मुद्दाम खरबरीत केलेलं, हाडाने त्याला धरावं म्हणून. टायटॅनियमला हाड असं घट्ट धरतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रेनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडांत वेगळंच काही तपासत असताना लक्षात आलं, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. ॲनालॉगला या सगळ्याशी कर्तव्य नाही. तो स्टीलचा, पितळेचा, कधी ॲल्युमिनियमचा. अंगावर आडव्या खाचा आणि एक सपाट बाजू, म्हणजे प्लास्टरमध्ये तो फिरू नये आणि वर उचलला जाऊ नये. धड प्लास्टरसाठी घडवलेलं, तोंड कॅपसाठी. आपण खऱ्या इम्प्लांटवर बसलो आहोत असं कॅपला वाटलं पाहिजे, एवढीच त्याची नोकरी. हाडाला फसवायचं काम त्याच्याकडे दिलेलंच नाही.

कोणाला फसवायचं आणि कोणाला नाही, हा प्रश्न मला त्या पितळेच्या तुकड्याने लावून दिला. पुढे पेशंटच्या पिशवीतल्या गोळ्यांनाही मी तोच विचारायला लागले, कारण त्यातल्या कितीतरी गोळ्यांची जात हीच आहे.

आधी दाताचंच पुरं करते. एक निवृत्त मास्तर आले होते. इम्प्लांट आणि कॅप दुसऱ्या गावी केलेली, आणि कॅपचा स्क्रू दर थोड्या महिन्यांनी सैल व्हायचा. "जुन्या सायकलच्या पेडलागत झालंय डॉक्टरबाई, आवळलं की चार दिवस बरं." एक्सरे काढला तर कॅपचा जोड आणि इम्प्लांट यांच्यामध्ये एका बाजूला बारीक काळी फट. मास्तरांनी पिशवीतून जुना प्लास्टरचा जबडा काढला. शिक्षकच ते, कागद न् कागद जपलेला, जबडाही जपलेला. प्लास्टरवर कॅप अगदी चपखल बसत होती. फक्त तोंडात बसत नव्हती. मास्तरांच्या परवानगीने प्लास्टर फोडून ॲनालॉग काढला, तर तो दुसऱ्याच कंपनीचा. हल्ली बऱ्याच कंपन्यांचे इम्प्लांट आतून षटकोनी असतात, एकाचा स्क्रू दुसऱ्यात जातोही, त्यामुळे 'चालतंय की' म्हणून हाताशी असेल तो ॲनालॉग लावला जातो. स्क्रू जातो हे खरं. पण कड जिथे टेकायला हवी तिथे टेकत नाही आणि चावण्याचा सगळा भार त्या एवढ्याशा स्क्रूवर येतो. योग्य ॲनालॉग मागवला, नव्याने माप घेतलं, जोड नवा केला. त्यानंतर मास्तर सैल झालं म्हणून आले नाहीत. वाईट कॅप पहिल्या दिवशी कळते. चुकीच्या ॲनालॉगवर केलेली उत्तम कॅप कळायला मात्र फार वेळ लागतो, कारण टेबलावर ती निर्दोषच दिसते.

माझे लॅबवाले मामा या बाबतीत कडक आहेत. ॲनालॉग फोर्सेपने धरायचा आणि स्क्रू फक्त बोटांनी फिरवायचा, नाहीतर सिलिकॉनमधली दांडीच वळते, हे ते प्रत्येक नव्या पोराला सांगतात. वापरलेला ॲनालॉग प्लास्टर फोडून पुन्हा वापरायला त्यांचा साफ नकार. एकदा कुणीतरी त्यांना खर्चाचा हिशोब ऐकवला तेव्हा म्हणाले, "त्याचं तोंड झिजलं की तो कुणासारखाच राहत नाही."

त्यांचा कडकपणा अनाठायी नाही. डाय स्टोन घट्ट होताना स्वतःच ०.१ टक्क्यापर्यंत फुगतो. दोन ॲनालॉगमध्ये चार सेंटिमीटर अंतर असेल तर ते चाळीस मायक्रॉन झाले. खऱ्या दातांचा ब्रिज असला तर एवढं खपून जातं, कारण दाताच्या मुळाभोवती तंतूंचं एक पातळ अस्तर असतं आणि दाबाखाली दात २५ ते १०० मायक्रॉन हलतो. हाडात जखडलेला इम्प्लांट हलतो फक्त तीन ते पाच. म्हणून अनेक इम्प्लांटवरचा लांब ब्रिज असेल तेव्हा मी मॉडेलवर रेझिनची एक पट्टी करून घेते आणि ती आधी तोंडात बसवून बघते. एका टोकाचा स्क्रू आवळल्यावर दुसरं टोक उचललं गेलं, तर प्लास्टर खोटं बोलतंय. हल्ली तोंडातच स्कॅनर फिरवून माप घेतात आणि थ्रीडी प्रिंटरवर जबडा छापतात, पण छापलेल्या जबड्यातही शेवटी भोक ठेवून त्यात ॲनालॉगच बसवावा लागतो. भाव वाढला, एवढाच फरक. असो.

खरं तर खुद्द इम्प्लांट तरी कोण? दाताच्या मुळाचा बदली कामगार. काम आणि घडण यांतला भेद जीवशास्त्रात रिचर्ड ओवेन यांनी १८४३ साली नेमका मांडला: काम एक पण घडण वेगळी असलेले अवयव एका बाजूला, आणि घडण एक पण काम काहीही असलेले अवयव दुसऱ्या बाजूला. फुलपाखराचा पंख आणि पाखराचा पंख पहिल्या जातीचे. पाखराचा पंख आणि माणसाचा हात दुसऱ्या. दंतवैद्याला जवळचं वाटावं असं म्हणजे हेच ओवेन प्राण्यांच्या दातांचे जाणकार. 'ओडोंटोग्राफी' हा त्यांचा ग्रंथ १८४० ते १८४५ या काळात निघाला. दातांतच या भेदाची झकास उदाहरणं आहेत. हत्तीचे बाहेर आलेले दात म्हणजे वरच्या जबड्यातले वाढलेले पटाशीचे दात. रानडुकराचे मात्र खरोखर सुळ्याच्या जागचे. खणायला आणि भिडायला दोघांनाही तेच. कोंबडीला दातच नाहीत, तरी दाणे दळले जातात, कारण पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत गिळलेले खडे ते काम करतात. माणसाच्या जबड्यातला टायटॅनियमचा स्क्रू याच मालिकेत बसतो: काम मुळाचं, घडण कारखान्यातली.

आणि घडण वेगळी आहे हे लपत नाही. वर सांगितलेलं तंतूंचं अस्तर नुसतं गादीचं काम करत नाही, तिथल्या नसा दाताखाली काय आलं ते कळवतात. एक आजी खालच्या दोन दाढा बसवून गेल्या आणि पुढच्या वेळी म्हणाल्या, "चावतंय झ्याक, पण भातातला खडा लागला तरी कळत न्हाई बघा." त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या, नवल म्हणून सांगत होत्या. मी मात्र त्यांच्या कॅपची उंची पुन्हा तपासली, कारण जिथे कळत नाही तिथे माणूस गरजेपेक्षा जोरात चावतो.

दुखण्याचंही आम्ही असंच एक प्रतिरूप करतो. दहा सेंटिमीटरची आडवी रेघ, डाव्या टोकाला 'अजिबात नाही', उजव्या टोकाला 'याहून जास्त असूच शकत नाही', आणि पेशंटने खूण करायची. मग पट्टीने मोजून दुखणं मिलिमीटरमध्ये लिहायचं. कॉलेजात शिकवत असताना एका अभ्यासासाठी आमची पोरं ही रेघ घेऊन फिरत होती. अक्कलदाढ सुजलेल्या एका काकूंनी कागद हातात घेतला आणि उजव्या टोकाच्याही पुढे, कोऱ्या जागेत, पेन रुतवून खूण केली. विद्यार्थी हिरमुसला. मला ती त्या ढिगातली सगळ्यात खरी नोंद वाटली.

आता औषधांकडे. रोज हातात असणाऱ्या बधिरतेच्या इंजेक्शनपासूनच सुरुवात होते. १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं, आणि दंतवैद्यांनीही ते लगोलग उचललं. कोकेनचं व्यसन आणि हृदयावरचा परिणाम यांमुळे रसायनशास्त्रज्ञ त्याच्या रेणूतला कामापुरता भाग शोधू लागले. आल्फ्रेड आइनहॉर्न यांचं प्रोकेन १९०५ साली वापरात आलं, आणि स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ साली लिग्नोकेन बनवलं, तेच आज माझ्या सिरिंजमध्ये असतं. बधिर करणं राखलं, नशा गाळली. प्रोकेनची एक गंमत सांगण्यासारखी आहे. शरीरात ते मोडलं की त्यातून पॅरा-अमिनो बेंझोइक आम्ल सुटतं. जंतूंना फोलेट बनवायला नेमकं हेच आम्ल लागतं, आणि सल्फा औषधं म्हणजे या आम्लाचीच नक्कल. जंतू फसून सल्फा उचलतो आणि उपाशी राहतो. म्हणजे सल्फा चालू असलेल्या माणसाला प्रोकेन टोचलं, तर आपणच जंतूला अस्सल माल पुरवायचा.

इन्सुलिनचं प्रकरण रोजच्या कामात जास्त नडतं. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांची माळ आहे. तिच्यातले दोन शेजारी मणी अदलाबदल केले की ते रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि टोचल्यावर पटकन रक्तात उतरतात. हे लिस्प्रो, १९९६ साली बाजारात आलेलं. दुसऱ्या प्रकारात एक मणी बदलायचा आणि टोकाला दोन जास्तीचे ओवायचे. मग तेच इन्सुलिन कातडीखाली साका होऊन बसतं आणि दिवसभर थोडं थोडं सुटत राहतं. हे ग्लार्जिन. शरीरातल्या ज्या कुलपाला ही किल्ली लागते तिथे दोन्ही इन्सुलिनसारखीच लागतात. वेगळी आहे ती वेळ. माझ्या दृष्टीने सगळं त्या वेळेतच आहे. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, लिस्प्रोसारखं ताट समोर आल्यावर. जुन्या सवयीचा पेशंट घरून पटकन काम करणारं इन्सुलिन टोचून येतो, "दात काढून झाला की खाईन" म्हणतो, माझ्याकडे नेमका कुणाचा तरी दात अडलेला असतो, आणि बाकावर बसल्या बसल्या त्याला दरदरून घाम फुटतो. त्यातून ओठ-जीभ बधिर झाली की पुढे दोन-तीन तास खाताही येत नाही. म्हणून आमची रिसेप्शनवरची मुलगी 'शुगर आहे का' यावर थांबत नाही. 'कुठलं इन्सुलिन, किती वाजता घेतलं आणि त्यावर खाल्लं काय' असं विचारते. दुधाळ दिसणारं इन्सुलिन लोकांच्या ओळखीचं आहे. ही दोन्ही पाण्यासारखी नितळ, त्यामुळे पेन नीट पाहिल्याशिवाय सांगताही येत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मेथोट्रेक्सेटने. एक आजी सुनेबरोबर आल्या, तक्रार एकच: कवळी लागते. तोंड उघडलं तर गालाच्या आत, जिभेखाली, ओठांच्या आतल्या बाजूला लालभडक सोललेले पट्टे. कवळी जिथे टेकतच नाही तिथेही. कवळीला दोष देण्यात अर्थ नव्हता. औषधांची पिशवी मागितली. तिच्यात संधिवाताची छोटी पिवळी गोळी होती आणि ती त्या रोज सकाळी चहानंतर घेत होत्या. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. नव्या चिठ्ठीत वार वाचता आला नव्हता आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्याच, म्हणून हीही रोज. मी कवळीला हात लावला नाही. त्यांना तिथूनच फिजिशियनकडे पाठवलं, रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी खूप खाली होत्या, त्यांना दाखल करावं लागलं. त्या बऱ्या झाल्या. कवळीचं माप आम्ही पुढे सावकाश घेतलं.

मेथोट्रेक्सेट फोलिक ॲसिडची नक्कल आहे. रेणूत एका ठिकाणी ऑक्सिजनच्या जागी अमिनो गट आणि दुसऱ्या ठिकाणी एक मिथाइल, एवढाच फेरफार. पण पेशीतलं जे एन्झाइम फोलेटला वापरण्याजोगं रूप देतं, ते या नकलेला अस्सलपेक्षा कितीतरी घट्ट पकडून बसतं आणि सुटत नाही. डीएनएचा कच्चा माल बंद पडतो. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना पहिला फटका: कर्करोगाच्या पेशी, रक्त बनवणाऱ्या पेशी, आणि तोंडाचं आतलं अस्तर. एन्झाइमला फसवायचं ठरवलं होतं आणि ते फसलं. पण ते एन्झाइम फक्त रोगाच्याच पेशीत नसतं. म्हणूनच मात्रा आणि वार.

या औषधामागे एका भारतीयाचं काम आहे. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना दिसलं, की रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फोलिक ॲसिडसारखी द्रव्यं दिली तर रोग उलट बळावतो. मग त्याच्या उलट काही हवं, फोलिक ॲसिडच्या जागेवर बसून त्याला अडवणारं. ते लेडर्ले कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने बनवून दिलं: ॲमिनोप्टेरिन, मेथोट्रेक्सेटचा थोरला भाऊ. १९४८ साली फार्बर यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत सोळापैकी दहा मुलांत रोग काही काळ मागे हटलेला होता. तोवर त्या रोगात असं काही घडत नसे. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. आंध्रातल्या भीमावरमच्या या माणसाचं नाव आपल्याकडे वैद्यकीच्या मुलांनाही सहसा ठाऊक नसतं, याचा मला राग येतो. आजच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेटबरोबर आठवड्याच्या इतर वारी फोलिक ॲसिडची गोळीही लिहिलेली असते. अस्सल आणि नक्कल एकाच कागदावर, वेगवेगळ्या वारी. वार चुकला की काय होतं ते त्या आजींच्या तोंडात दिसलं होतं.

ओठावर जर उठली की लावायचं ॲसायक्लोव्हिर हेही याच घराण्यातलं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाची नक्कल, पण पुढचं अक्षर जोडायला जागाच न ठेवलेली. ते कामाला लावायला विषाणूचंच एन्झाइम लागतं, त्यामुळे निरोगी पेशी बऱ्यापैकी बाजूला राहतात. फसवायचं कोणाला हे इतकं नेमकं ठरवलेलं औषध मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या शोधाशी जोडलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेल मिळालं ते योग्यच.

आणि आता ज्या नकलेची मला खरोखर धास्ती वाटते ती. टूथपेस्टच्या खोक्यावर 'टार्टर कंट्रोल' लिहिलेलं असतं, त्यात बहुधा पायरोफॉस्फेट असतं. दोन फॉस्फेट, मध्ये ऑक्सिजनचा पूल. ते कॅल्शियमच्या खड्यांना चिकटतं आणि दातांवर कीटण साचू देत नाही. आपल्या लाळेत, रक्तात, लघवीतही ते असतं, आणि जिथे हाड बनायला नको तिथे ते बनू देत नाही. स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश यांनी १९६०च्या दशकात यावर काम केलं. अडचण एवढीच की शरीरातली एन्झाइमं तो ऑक्सिजनचा पूल पटकन तोडतात. मग पुलाच्या जागी कार्बन घातला. झालं बिसफॉस्फोनेट: हाडाला तसंच चिकटतं, पण तुटत नाही. पूर्वी अशी द्रव्यं पाण्याच्या नळांत क्षार साचू नयेत म्हणून वापरात होतीच. हाड ठिसूळ झालेल्या लाखो बायकांना या औषधांनी फ्रॅक्चरपासून वाचवलंय, हे आधी स्पष्ट सांगते. ॲलेंड्रोनेट आठवड्याला एक गोळी, झोलेड्रोनेट वर्षातून एकदा सलाईनमधून ५ मिलिग्रॅम.

पण न तुटणं हा गुण जसा, तसाच तो गुंताही. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. हाड खाणाऱ्या पेशी ते हाडाबरोबर गिळतात आणि निकामी होतात, त्यामुळे हाडाची झीज थांबते. जबड्याचं हाड मात्र सतत मोडून नव्याने घडत असतं, त्यात तोंडातले जंतू आणि वर एवढीशी हिरडी. दात काढला की तिथलं मेलेलं हाड साफ करणारं कुणी उरत नाही. २००३ साली अमेरिकेतले रॉबर्ट मार्क्स यांनी असे ३६ पेशंट नोंदवले, जबड्याचं हाड उघडं पडलेले आणि भरून न येणारे. मी असा जबडा पहिल्यांदा पाहिला तो शिकवत असतानाच. स्तनाच्या कर्करोगासाठी दर महिन्याला झोलेड्रोनेट घेणाऱ्या एका बाईंची दाढ काढून बरेच महिने झाले होते आणि तिथे अजून पिवळट हाड उघडं होतं, सुईने टोचलं तरी त्यांना कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "हे हाड माझं नाही का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

कर्करोगासाठीच्या मात्रा मोठ्या असतात, धोका मुख्यतः तिथे. ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत तो कमी आहे, पण शून्य नाही, आणि औषध जितकी वर्षं चालू तितका वाढतो. तरी अडचण बहुतेक वेळा धोक्याची नसते, माहितीची असते. इम्प्लांटसाठी आलेल्या एका काकूंना मी विचारलं, औषधं कुठली चालू? "बीपीची, बास." जबड्याचा थ्रीडी स्कॅन (सीबीसीटी) झाला, तारीख ठरली. आदल्या दिवशी मुलाचा पुण्याहून फोन: आईला दर वर्षी हाडांसाठी एक सलाईन लावतात, त्याचं काही नाही ना? काकूंच्या लेखी ते औषध नव्हतंच; औषध म्हणजे रोजची गोळी. तारीख रद्द केली, त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलले, आणि शेवटी काढ-घालीच्या दातांवर आम्ही सगळे समाधानी झालो. त्यानंतर केसपेपरवर मी वेगळी ओळ छापून घेतली: 'हाडांसाठी गोळी, इंजेक्शन किंवा सलाईन, कधीही.'

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. दाताच्या डॉक्टरकडे जाताना औषधांची पिशवी बरोबर न्या, आणि घरातल्या आई-आजींची पिशवी स्वतः एकदा बघा. आठवड्यातून एकदाची गोळी, सहा महिन्यांनी घेतलेलं इंजेक्शन, वर्षापूर्वी लावलेलं सलाईन, सगळं सांगा. हाडांचं औषध चालू करायचं ठरलं असेल, तर काढायचे दात आधी काढून घ्या. आणि चालू असलेलं औषध आमच्या भीतीने परस्पर बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.